दुसऱ्याच्या शिक्क्यावर आपलं जंक

सोमवारी सकाळी पावणेदहाला अण्णांचा फोन आला. "शिरोलीवाल्यांचं शेड्यूल या आठवड्यातपण आलं नाही म्हणते ताई. आणि तिकडचा पोरगा शपथेवर सांगायलाय, शुक्रवारीच पाठवलंय म्हणून. एकदा येऊन बघून जा की."

बेळगावात उद्यमबागेत अण्णांचं मशीनिंगचं शेड आहे. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी, आणि पुढच्या खोलीत ताईंचं टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर. कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा ग्राहक कास्टिंग पाठवतो, इथं मशीनिंग होऊन माल परत जातो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठवायचा तर त्याची किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल लागतंच, त्यामुळे कागद टेम्पोबरोबरच असतो. माल निघाला हे कळायला मेलची गरज नाही. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून टेम्पो दारात येतोच. मेल लागते ती कुठला नग आधी, किती आणि कोणत्या तारखेला हे कळायला. ते शेड्यूल दर शुक्रवारी संध्याकाळी पीडीएफमध्ये येतं. ते न मिळाल्यामुळे दोन आठवडे शेडमध्ये उलटा क्रम लागला होता. पंप हाउसिंगच्या ट्रॉल्या भरून तयार, आणि ग्राहक बेअरिंग कव्हरसाठी फोनवर फोन करतोय.

या शेडचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, आजूबाजूच्या आठ-दहा शेडचंही बघतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यातली मूळ चूक माझी होती, आणि ती निस्तरताना मी तिच्यावर आणखी एक रचली.

एक पेटी, दोन निकाल

ताईंनी शोधाशोध केली नव्हती असं नाही. तीन आठवड्यांपूर्वी अशीच मेल आली नव्हती, तेव्हा त्यांना ती थंडरबर्डच्या, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या मेल बघायच्या प्रोग्रामच्या, जंक फोल्डरमध्ये सापडली होती. त्यांनी 'नॉट जंक'चं बटण दाबलं, मेल इनबॉक्समध्ये आली, काम झालं. "म्हटलं एकदा सांगितलं की शिकत असेल ते. म्हणून मग परत जंक उघडलंच नाही बघ मी," त्या म्हणाल्या. मी जंक उघडलं. मागच्या दोन शुक्रवारची दोन्ही शेड्यूलं तिथंच होती, लॉटरी आणि कर्जाच्या मेलच्या मधोमध.

मग अण्णांचा मोबाइल मागून घेतला. त्यावर तीच मेलपेटी आयमॅपने जोडलेली आहे, म्हणजे सर्व्हरवर जे फोल्डर जसे आहेत तसेच फोनवर दिसतात. अण्णा मेल बघत नाहीत, पण पेटीत येतं ते सगळं फोनवर दिसतं. तिथं दोन्ही शेड्यूलं सरळ इनबॉक्समध्ये, न वाचलेली. फोनवरच्या स्पॅम फोल्डरमध्ये काहीच नव्हतं.

इथंच निम्मं कोडं सुटलं. मेल सर्व्हरने जंक ठरवली असती तर ती फोनवरही स्पॅममध्ये दिसली असती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल पीओपीने उतरते, म्हणजे थंडरबर्ड सर्व्हरच्या इनबॉक्समधून प्रत घेतो आणि पुढचं जे काही करायचं ते आपल्या डिस्कवर करतो. निकाल त्याचाच. आणि थंडरबर्डकडे हा निकाल द्यायचे दोन रस्ते आहेत. एक त्याची स्वतःची शिकणारी चाळणी. आपण 'जंक' आणि 'नॉट जंक' दाबत गेलो की ती शब्दांची गणितं मांडत जाते. दुसरा रस्ता खात्याच्या सेटिंगमध्ये एका टिकमार्कखाली असतो: मेलवर आधीच स्पॅमचा शिक्का मारलेला असेल तर त्यावर विश्वास ठेव. कोणत्या फिल्टरचा शिक्का हे निवडायला तिथं यादी येते: स्पॅमअसॅसिन, बोगोफिल्टर, डीस्पॅम, पॉपफाइल, स्पॅमपाल. ताईंच्या कॉम्प्युटरवर ही टिक होती आणि समोर स्पॅमअसॅसिन निवडलेलं होतं.

ताईंनी दाबलेलं बटण पहिल्या रस्त्याला शिकवत होतं, मेल दुसऱ्या रस्त्याने जंकमध्ये जात होती. शंभर वेळा दाबलं असतं तरी फरक पडला नसता.

मेलचं पोट

शुक्रवारची मेल निवडून कंट्रोल-यू दाबलं. वर दिसते ती 'कोणाकडून, कोणाला, विषय' ही मेलची खिडकी झाली. कंट्रोल-यूने मेलचं पोट उघडतं. ताई खुर्ची सरकवून शेजारी आल्या. मला पाहिजे असलेली ओळ मधेच कुठंतरी होती. तिच्यात 'एक्स-स्पॅम-स्टेटस' या नावापुढे लिहिलं होतं: येस, स्कोअर ६.९, रिक्वायर्ड ५.०, आणि पुढे कुठल्या-कुठल्या चाचण्या लागल्या त्यांची नावं. तिच्या शेजारी 'एक्स-स्पॅम-फ्लॅग: येस'.

"म्हणजे त्यात व्हायरस होता काय?" ताईंनी विचारलं.

व्हायरसचा इथं संबंध नाही. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला शेकडो छोट्या चाचण्या लावतं, प्रत्येक चाचणीचे गुण ठरलेले, काही अधिक, काही उणे. बेरीज ५ किंवा जास्त झाली की 'येस'. हे ५ त्यासोबत मिळणारा उंबरठा, सर्व्हर चालवणारा तो बदलू शकतो. आकडे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: काही होस्टिंगवाले 'एक्स-स्पॅम-स्कोअर' नावाची वेगळी ओळ घालतात आणि तिच्यात गुण दहाने गुणून लिहितात. तिथं २१ दिसलं तर ते २.१ असतं. ५ चा उंबरठा माहीत असलेला माणूस ते २१ वाचतो आणि घाबरतो.

आता महत्त्वाचा प्रश्न: हा ६.९ चा शिक्का मारला कोणी? मेल ज्या-ज्या सर्व्हरमधून जाते त्यातला प्रत्येक जण आपली 'रिसिव्ह्ड' ओळ सगळ्यात वर चिकटवतो. म्हणून मेलचा प्रवास खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची 'रिसिव्ह्ड' म्हणजे मेल जिथून निघाली तो टप्पा, सगळ्यात वरची म्हणजे आपल्या दारातला टप्पा. बाकीचे शिक्केही याच क्रमात साचतात. आपल्या सर्व्हरने शिक्का मारला असता तर तो आपल्या 'रिसिव्ह्ड' ओळीच्या आसपास, वरच्या अंगाला असता. हा शिक्का आपल्या 'रिसिव्ह्ड'च्या खाली होता. म्हणजे मेल आपल्या दारात आली तेव्हा तो आधीच मारलेला होता. आणि खातरजमा करायची सोय शेजारच्याच ओळीत होती: 'एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन'च्या शेवटी ज्या यंत्राने तपासणी केली त्याचं नाव असतं. नाव शिरोलीवाल्यांच्याच मेल सर्व्हरचं निघालं.

ग्राहकाचा स्वतःचा सर्व्हर ग्राहकाच्या स्वतःच्या शेड्यूलवर 'स्पॅम' असा शिक्का मारून ते आमच्याकडे पाठवत होता. आणि आमचा थंडरबर्ड तो शिक्का मान्य करत होता.

अण्णा आत आले होते. त्यांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या इन्स्पेक्शनचं लाल लेबल बघून आपण माल भंगारात टाकायलोय?"

होय, तेच.

टिक कोणाची

ही टिक मी लावली होती. त्या वेळी शेडची मेल दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या मेल सर्व्हरवर, होती. तिथं येणारी प्रत्येक मेल तपासून शिक्का मारला जायचा, आणि बाहेरून कोणाचा जुना शिक्का आलाच तर तो आधी पुसला जायचा. अशा सर्व्हरच्या मागे ही टिक अगदी बरोबर आहे. मेलमधला शिक्का आपल्याच माणसाचा असणार याची तिथं खात्री असते. मागच्या वर्षी भाडं वाढलं म्हणून आम्ही स्वस्तातल्या होस्टिंगवर गेलो. तिथं स्पॅमची तपासणी पॅनलमधून चालू करावी लागते, मूळ अवस्थेत बंद असते. मी पेट्या हलवल्या, पासवर्ड बदलले, ताईंना चहा पाजला आणि निघून आलो. टिक काढायची राहिली. त्या दिवसापासून आमच्या मेलवर आमचा शिक्का नव्हता, आणि बाहेरचा शिक्का पुसणाराही कोणी नव्हता.

थंडरबर्डला इथं दोष देता येत नाही, पण त्याच्या नियमाचा साधेपणा माहीत असलेला बरा. स्पॅमअसॅसिनसाठीचा त्याचा नियम मुख्यतः बघतो ते हे, की 'एक्स-स्पॅम-स्टेटस'ची सुरुवात 'येस'ने होते का, किंवा 'एक्स-स्पॅम-फ्लॅग'ची सुरुवात 'येस'ने होते का. शिक्का कोणत्या यंत्राचा, कोणत्या टप्प्यावरचा, हे तो विचारत नाही. टिक लावणाऱ्याने ते विचारून ठेवलंय असं तो धरून चालतो.

नवा होस्टिंगवाला बाहेरचे शिक्के खरंच तसेच सोडतो का, हे अंदाजावर ठेवायचं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर स्वॅक्स नावाचं छोटं साधन आहे, कमांड लिहून हवी तशी मेल पाठवता येते, हवा तो हेडर, म्हणजे मेलच्या पोटातली अशी ओळ, घालता येतो. ताईंच्या पत्त्यावर एक मेल पाठवली: विषय 'चाचणी', आत एकच ओळ 'ताई चहा', आणि हाताने घातलेला 'एक्स-स्पॅम-फ्लॅग: येस'. अर्ध्या मिनिटात थंडरबर्डने ती उतरवली आणि ताईंच्या डोळ्यांदेखत जंकमध्ये टाकली. फोनवर तीच मेल इनबॉक्समध्ये. मग तीच मेल हेडरशिवाय पाठवली, ती नीट इनबॉक्समध्ये आली. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला या धंद्यात क्वचितच मिळाला आहे.

त्यांचा सर्व्हर स्वतःच्याच मेलवर का उखडला होता

हे खरं तर आमचं काम नव्हतं, पण चाचण्यांची नावं समोर होती आणि त्यातल्या एका नावाने माझं लक्ष धरून ठेवलं.

पहिली चाचणी पीबीएलची, ३.३ गुण. स्पॅमहाउस या संस्थेची ही यादी आहे. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या ब्रॉडबँडचे इंटरनेटवरचे पत्ते तिच्यात असतात. तर्क असा की अशा जोडणीवरच्या कॉम्प्युटरने थेट दुसऱ्याच्या मेल सर्व्हरशी बोलायला जायचं कारण नसतं. त्याने आपल्या सर्व्हरला पासवर्ड देऊन मेल सोपवावी, पुढची पोच सर्व्हरने करावी. यादीत असणं हा गुन्हा नाही, बहुतेक सगळी घरं तिच्यात असतात. म्हणूनच पासवर्ड देऊन मेल सोपवणाऱ्या आपल्या माणसांना ही चाचणी लावायचीच नसते. शिरोलीच्या सर्व्हरवर ही सूट दिलेली नव्हती. त्यांचा पोरगा ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून, स्वतःच्या पासवर्डने, स्वतःच्या सर्व्हरला मेल देत होता, आणि सर्व्हर त्याला रस्त्यावरचा अनोळखी समजून तपासत होता. दुसरी चाचणी त्याच गोष्टीची धाकटी बहीण: त्या पत्त्याला उलट नाव नाही, म्हणजे पत्त्यावरून शोधलं तर यंत्राचं नाव मिळत नाही, ०.८.

राहिले २.८. त्या चाचणीचं नाव 'अनवॉन्टेड लँग्वेज बॉडी', म्हणजे मजकूर नको असलेल्या भाषेत आहे. स्पॅमअसॅसिनमध्ये भाषा ओळखणारा एक जोड आहे. तो मुळात बंद असतो. कोणीतरी मुद्दाम चालू करून चालणाऱ्या भाषांची यादी द्यावी लागते. त्याला ओळखता येणाऱ्या भाषांत मराठी आहे. शिरोलीच्या यादीत ती नसावी, कारण मेलमधला मजकूर असा होता: 'सोबत शेड्यूल जोडले आहे. कव्हरचे नग प्रथम घ्यावेत. गुरुवारपर्यंत माल पोहोच व्हावा.'

३.३, ०.८ आणि २.८. बेरीज ६.९. एकट्या मराठीने मेल अडली नसती, एकट्या ब्रॉडबँडनेही नाही.

मी केलेली दुसरी चूक

त्या दुपारी मला घाई होती, नेहरूनगरात आणखी एकाचा प्रिंटर अडला होता. टिक काढली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मला वाटलं, टिक काढली की खरा कचराही इनबॉक्समध्ये येणार आणि ताई मलाच बोलणार. म्हणून होस्टिंगच्या पॅनलमध्ये स्पॅम तपासणी चालू केली, टिक काढली, आणि तिच्या जागी थंडरबर्डच्या मेसेज फिल्टरमध्ये स्वतःचा नियम लिहिला: 'एक्स-स्पॅम-स्टेटस'मध्ये 'येस' हा शब्द असेल तर जंकमध्ये हलव. यादीतली पहिली तुलना 'कंटेन्स' होती, तीच राहू दिली.

मंगळवारी सकाळी ताईंचा फोन. "आता सगळंच जंकात जायलंय. बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, ऑडिटरची मेल, सगळं."

जाऊन बघितलं. प्रत्येक मेलवर आमच्या होस्टिंगचा ताजा शिक्का: 'नो, स्कोअर उणे १.९, रिक्वायर्ड ५.०'. स्वच्छ निकाल. तरी जंकमध्ये. मी नियम उघडून तीनदा वाचला. मग चाचण्यांची यादी वाचली आणि कपाळाला हात लावला. पहिल्याच चाचणीचं नाव होतं बेज शून्य-शून्य. शब्दांच्या संभाव्यतेवरून मेल जोखायची पद्धत थॉमस बेज या अठराव्या शतकातल्या इंग्लिश गणितज्ञाच्या नावाने चालते, आणि मेल अगदी निर्धोक वाटली की ही चाचणी उणे १.९ गुण देते. पण बेज हे नाव इंग्रजीत लिहून बघा: बी, ए, वाय, ई, एस. शेवटची तीन अक्षरं वाय, ई, एस. थंडरबर्ड लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही, आणि 'कंटेन्स' म्हणजे कुठंही, कुठल्याही शब्दाच्या पोटात. मेल जितकी स्वच्छ तितकी ती बेज शून्य-शून्यची धनी, आणि तितकी खात्रीने माझ्या नियमात अडकणारी.

याचं उलटं रूप मी नंतर खानापूरला एका कौलांच्या व्यापाऱ्याकडे बघितलं. तिथं कोणीतरी नियम केला होता की स्टेटसमध्ये 'नो' असेल तर मेल 'नॉट जंक' मानायची. स्पॅमअसॅसिन आपल्या शेऱ्याच्या शेवटी बऱ्याचदा 'ऑटोलर्न=नो' लिहितं. म्हणजे 'येस, स्कोअर १८' असा निकाल लागलेली मेलसुद्धा त्या नियमातून हसत बाहेर पडत होती.

'कंटेन्स'च्या जागी 'बिगिन्स विथ' केलं. बँक, वीज, ऑडिटर सगळे परत आले. शिरोलीची मेल मात्र याही नियमात अडकणार हे मला तेव्हा दिसत नव्हतं. दिसलं पुढच्या चाचणीत. स्वॅक्सने पुन्हा खोटा शिक्का घालून मेल पाठवली, आणि कंट्रोल-यूमध्ये एकाच नावाचे दोन हेडर निघाले. वर आमच्या होस्टिंगचा 'नो', खाली मी घातलेला 'येस'. होस्टिंगवाला आपला शिक्का मारत होता, पण जुना काढत नव्हता. स्पॅमअसॅसिन मेल स्वतः पुन्हा लिहितं तेव्हा आधीचे शिक्के काढून टाकतं. पण बऱ्याच ठिकाणी मेल सर्व्हर त्याच्याकडून फक्त गुण विचारून घेतो आणि हेडर आपल्या हाताने लिहितो, तिथं ही सफाई आपोआप होत नाही. थंडरबर्डचा नियम दोन्ही ओळी बघतो आणि एक जरी जुळली तरी हो म्हणतो.

मग मी आणखी हुशारी केली. नियमात दुसरी अट जोडली: 'एक्स-स्पॅम-चेकर-व्हर्जन'मध्ये आमच्या होस्टिंगच्या यंत्राचं नावही हवं. कागदावर उत्तम. चाचणीत पुन्हा जंक. दोन्ही अटी खऱ्या ठरत होत्या, पण वेगवेगळ्या शिक्क्यांवरून: नाव वरच्या शिक्क्यातून, 'येस' खालच्या. या नियमांना 'याच शिक्क्यातलं' असं सांगायची सोय नाही.

तिथं मी हात टेकले. कॉम्प्युटरवर बसून शिक्का कोणाचा हे ठरवणं थंडरबर्डच्या नियमांच्या आवाक्यात नव्हतं. शिक्का कोणाचा हे ज्याला नक्की माहीत असतं तो एकच, आपला सर्व्हर; कारण तो स्वतःचा निकाल हेडरमधून वाचत नाही, तो त्याच्या हातातच असतो.

शेवटी काय केलं

थंडरबर्डमधला नियम काढला, टिक काढलेलीच ठेवली. होस्टिंगच्या पॅनलमध्ये, सर्व्हरने जंक ठरवलेली मेल सर्व्हरनेच स्पॅम फोल्डरमध्ये टाकायची, असं चालू केलं. यात एक खड्डा होता. पीओपी फक्त इनबॉक्स उतरवतो. सर्व्हरवरच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडलेली मेल ताईंच्या कॉम्प्युटरवर कधीच दिसली नसती, जंकमध्येसुद्धा नाही. आधीच्या दुखण्यापेक्षा हे वाईट. म्हणून ऑफिसचं खातं आयमॅपवर आणलं. पंधरा वर्षांच्या उतरवलेल्या मेल लोकल फोल्डरमध्ये हलवायला अख्खी संध्याकाळ गेली, त्याबद्दल अण्णांनी भेंडी बाजारातून कुंदा मागवला. आता ताईंचा कॉम्प्युटर आणि अण्णांचा फोन एकच स्पॅम फोल्डर बघतात. ताई दिवसातून दोनदा तो उघडतात, अकराला आणि चारला. चुकून पडलेली मेल बाहेर काढली की ती दोन्हीकडे बाहेर येते.

होस्टिंगवाल्याला बाहेरून आलेले 'एक्स-स्पॅम' हेडर पुसायची विनंती केली. त्याने तक्रारीचं तिकीट नोंदवून घेतलं, ते अजून उघडं आहे.

हे पुसणं का महत्त्वाचं, ते स्पॅम फोल्डरमधल्या कचऱ्यातच दिसतं. त्यातल्या काही मेलमध्ये 'एक्स-स्पॅम-स्टेटस: नो' असा शिक्का होता, तोही सगळ्यात खालच्या 'रिसिव्ह्ड'च्या खाली. म्हणजे प्रवास सुरू व्हायच्या आधीच, पाठवणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र. शिरोलीचा शिक्का भाबडा होता, हा लबाड. वाचणाऱ्याला फसवायची रीत एकच. 'एक्स'ने सुरू होणाऱ्या हेडरचं असंच असतं, कोणीही कोणतंही लिहावं. याउलट पाठवणाऱ्याची ओळख तपासल्याचा निकाल जिथं लिहितात त्या 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' हेडरला २००९ पासून लिखित नियम आहे: निकाल देणाऱ्या सर्व्हरने आधी आपलं नाव लिहायचं, आणि बाहेरून आलेल्या मेलमध्ये आपल्याच नावाचा निकाल आधीपासून असेल तर तो खोटा समजून काढून टाकायचा. स्पॅमच्या शिक्क्यांना असा कायदा कोणी केला नाही, ज्याच्या-त्याच्या शिस्तीवर सोडलं आहे.

आणि शिस्तीने मारलेला शिक्काही शिक्काच असतो, सत्य नव्हे. १ जानेवारी २०१० ला जगभरच्या स्पॅमअसॅसिनने साध्या मेलला जादा गुण द्यायला सुरुवात केली होती, कारण 'फार पुढच्या सालाची तारीख' पकडणाऱ्या एका जुन्या चाचणीच्या लेखी २०१० हे साल फार पुढचं होतं. त्या दिवशी खरे शिक्केसुद्धा चुकले. पण ते कोणाचे आहेत हे माहीत असेल तर चूक कुठं दुरुस्त करायची तेही माहीत असतं. आम्हाला तीन आठवडे तेच माहीत नव्हतं.

शिरोलीच्या पोराशी मीच बोललो. आधी त्याला वाटलं मी तक्रार करतोय. मग कंट्रोल-यूचा फोटो पाठवला, तेव्हा तो म्हणाला, "दादा, आमचे आणखी दोन व्हेंडर पण हेच बोंबलत्यात." दुसऱ्या दिवशी त्यांच्या सर्व्हर बघणाऱ्याने पासवर्ड देऊन येणाऱ्यांना सूट दिली.

पुढच्या शुक्रवारचं शेड्यूल सव्वापाचला इनबॉक्समध्ये आलं. ताईंनी प्रिंट काढून ते मशीनशेजारच्या पत्र्यावर चुंबकाने लावलं. मी सवयीने पोट उघडलं. पीबीएल गेलं होतं, उलट नावाचे गुण गेले होते, त्यांच्या जागी विश्वासू मार्गाने आल्याबद्दलचे उणे १ होते. निकाल: नो, १.८. उरलेली चाचणी एकच, नको असलेल्या भाषेची, २.८ गुणांची. ती कोल्हापूरच्या सर्व्हरवर अजून तशीच आहे.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते कव्हरचा नग हातात घेऊन व्हर्नियर लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बेळगावात नव्हे ना? शिरोलीत? मग पत्र लिही की त्यांना. मराठीतनंच लिही."